शाळेतला गाण्याचा तास

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)

अध्यक्षबाई, कार्यकारिणीच्या भगिनी, आणि हळदीकुंकवाला येता तशा आज भाषण ऐकायलाही आलेल्या माझ्या शेजारणींनो,

मला बोलायला उभे केले आहे खरे, पण मी काही सभेत बोलणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या गावात शाळा तेवढीच होती. पुढची शाळा दोन कोसांवर, आणि मुलीच्या जातीने रोज एवढे चालत जायचे नाही, असे घरात ठरले. तेव्हा माझ्या बोलण्यात मोठ्या ग्रंथांचे दाखले शोधू नका. चिटणीसबाई म्हणाल्या, "विषय तुमचा तुम्ही निवडा, पण दहा मिनिटांच्या वर जाऊ नका." विषय मी निवडला आहे. दहा मिनिटांचे मात्र वचन देत नाही.

आपल्या वस्तीतल्या शाळेत आठवड्यातून दोन दिवस, मंगळवारी आणि शुक्रवारी, गायनाच्या बाई येत असत. पाचवीपासून आठवीपर्यंतच्या वर्गांना त्या समूहगीते शिकवीत, सकाळची प्रार्थना बसवीत, पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला मुलांना झेंड्यापुढे उभे करीत. यंदा जूनमध्ये शाळा उघडली ती त्यांच्याशिवाय. पालकसभेत आम्ही विचारले तेव्हा उत्तर मिळाले की, मानधनाला पैसे नाहीत, वरून तरतूद आलेली नाही, आणि तसाही तो तास आता शिष्यवृत्तीच्या सरावाला लागतो आहे. पेटी कपाटात गेली. सभेत पुढे गणवेशाचा विषय निघाला आणि गाण्याचा विषय तिथेच मिटला. तो तसा मिटू नये असे मला वाटते, म्हणून तुमच्यापुढे उभी आहे.

त्या बाईंचा तास मी बाहेरून पुष्कळदा पाहिला आहे. धाकटीचा डबा पोचवायला जायचे आणि पायरीवर थोडे टेकायचे, अशी मला सवयच लागली होती. बाई पेटीवर एकच सूर धरून ठेवीत आणि सगळ्या वर्गाला त्या सुरात 'आ' लावायला सांगत. जूनमध्ये साठ मुलांचा तो 'आ' म्हणजे रविवारचा बाजार असे. कोण वर, कोण खाली, कोण नुसताच ओरडतो आहे! ऑगस्टपर्यंत त्याच साठ मुलांचा एक आवाज होई. हे कसे होते ते मी नीट पाहिले. ज्याचा गळा लागत नाही त्याला "तू गप्प उभा राहा" म्हणणारे मास्तर मी माझ्या लहानपणी पाहिलेले आहेत. या बाई तसे करीत नसत. अशा मुलाला त्या दोन चांगल्या गळ्यांच्या मधे उभे करीत आणि सांगत, "आधी ऐक, मग हळू म्हण." बहुतेक मुले दिवाळीपर्यंत सुरात येत. एखादे नाहीच आले तर त्याच्या हातात खंजिरी देत, पण रांगेतून कोणाला काढीत नसत.

भगिनींनो, शाळेत बाकी सगळीकडे मुलांची निवड होते. धावण्यात एकच पहिला येतो. शिष्यवृत्तीला वर्गातली पाच-सात मुले बसवतात आणि उरलेल्यांना कळून चुकते की आपण त्यातले नव्हे. नाटकात काम चार जणांना मिळते, बाकीचे पडदा ओढतात. समूहगीताला मात्र साठच्या साठ मुले लागतात. ज्या मुलाला दुसरे काहीच येत नाही त्यालाही तिथे जागा आहे, आणि तो नसला तर रांगेत खिंडार दिसते.

आता आपले मनमाड पाहा. हे जंक्शनचे गाव. मुंबई-भुसावळच्या हमरस्त्यावर आपण. इथून एक फाटा दौंडकडे जातो, दुसरा छत्रपती संभाजीनगर, नांदेडवरून सिकंदराबादकडे. रेल्वेच्या बदल्यांनी, पुलांचे गर्डर करणाऱ्या आपल्या कारखान्याने, अन्न महामंडळाच्या गोदामांनी आणि गुरुद्वाऱ्याने इथे सगळ्या प्रांतांची माणसे आणून सोडली. तीन वर्षांमागे आमच्या शेजारी असेच एक तेलुगू कुटुंब बदलीने आले. त्यांची मुलगी पाचवीत. मराठीचा गंध नाही. दोन महिने ती वर्गात तोंड उघडीना, आणि मुलांनी तिला "मुकी" म्हणायला सुरुवातही केली. गायनाच्या बाईंनी तिला पहिल्या रांगेत घेतले. गाण्यात कोणी प्रश्न विचारीत नाही, आणि चुकले तरी एकटीचे ऐकू येत नाही, हे तिला लवकर उमगले असावे. दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्या ओट्यावर बसून माझ्या मुलीबरोबर अख्खे समूहगीत म्हणे आणि मग एकेका शब्दाचा अर्थ विचारी. तिचे मराठी असे गाण्यातून सुरू झाले. पुढे बाईंनी तिच्या आईकडून एक तेलुगू गाणे लिहून घेतले आणि सगळ्या वर्गाला शिकवले. जी आई दारातसुद्धा उभी राहत नसे ती त्या वर्षी गॅदरिंगला येऊन पुढच्या ओळीत बसली. आज ती आपल्या मंडळाची सभासद आहे, आणि आता तिच्याकडे पाहून तिला लाजवू नका.

साने गुरुजींनी आंतरभारतीचे स्वप्न पाहिले होते. प्रांताप्रांतांतल्या माणसांनी एकमेकांची भाषा शिकावी, एकमेकांचे चांगले ते घ्यावे, असा त्यांचा ध्यास होता. गुरुजी आपल्याला परके नाहीत. 'श्यामची आई' त्यांनी 1933 साली आपल्या नाशिकच्या तुरुंगात लिहिले. ते स्वप्न मी तरी दुसरीकडे कुठे उतरलेले पाहिले नाही, पण एका पेटीभोवती साठ मुलांच्या गळ्यात पाहिले.

आपल्या आज्या-पणज्यांना गाणे शिकायला शाळा लागली नाही, असे कोणी म्हणेल. खरे आहे. त्यांच्या घरी जाते होते. पहाटे दोघी जणी समोरासमोर बसल्या की ओवी आपोआप येई, आणि मांडीवरचे मूल दळणाच्या घरघरीत ती ऐके. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करविल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांच्या त्या ओव्या! पण जाते गेले, गिरणी आली, आणि गिरणीत उभे राहून कोणी ओवी म्हणत नाही. जाते गेले याचे मला दुःख नाही. ज्यांना वाटते त्यांनी पायली दळून पाहावी. माझे म्हणणे एवढेच की, मुलांनी जिवंत माणसाच्या तोंडून गाणे ऐकावे आणि बरोबर म्हणावे अशी घरातली जागा त्याबरोबर गेली. ती जागा शाळेने घेतली होती. आता शाळाही ती सोडते आहे.

माझेच सांगते. सातवीपर्यंत मी जे शिकले त्यातले व्यवहारी अपूर्णांक केव्हाच गेले. इतिहासातल्या सनावळ्याही गेल्या. पण आमच्या गुरुजींनी नुसत्या टाळीवर शिकवलेली गाणी आजही मला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत येतात. त्यांच्याकडे पेटी नव्हती. मी तीच गाणी माझ्या तिन्ही मुलांना पाळण्यापाशी म्हटली. शाळेने मला दिलेले दुसरे काय मी माझ्या मुलांना तसेच्या तसे दिले असेल, हे मला आठवत नाही.

गाणे सर्वांचे व्हावे म्हणून ज्यांनी हाडाची काडे केली त्यातले एक थोर पुरुष आपल्या जिल्ह्यात राहून गेले. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. जन्म कुरुंदवाडचा, 1872 सालचा. त्या काळी गाणे राजेरजवाड्यांच्या पदरी असे, नाहीतर माडीवर. घरंदाज बाईने गायचे म्हणजे कुळाला बट्टा. पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते लोकांच्या वर्गणीवर. ज्याला शिकायचे त्याने यावे, असे ते दार होते. पुढे मुंबईला शाखा काढली, इमारत बांधली, आणि कर्जापायी ती इमारत लिलावात गेली. मग ते पंचवटीत येऊन राहिले. 1931 साली मिरजेला वारले. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी एकत्र येऊन मंडळ स्थापले, आणि त्या मंडळाच्या परीक्षा आज देशभर होतात. म्हणजे गाण्याच्या शाळेला पैसा कमी पडणे ही काही आजची गोष्ट नाही. इमारत गेली, पण मागच्यांनी शिकवणे सोडले नाही. म्हणून तर आज आपल्या मुली पेटीच्या परीक्षेला बसतात आणि कोणी नाव ठेवीत नाही.

दुसरे नाव वसंत देसाई यांचे. सिनेमाचे मोठे संगीतकार. 1957 सालच्या 'दो आँखें बारह हाथ'मधली आणि 1971 सालच्या 'गुड्डी'मधली प्रार्थना त्यांच्याच चालीची, आणि दोन्ही आजही देशातल्या पुष्कळ शाळांत सकाळी म्हणतात. या माणसाने सिनेमातली कीर्ती बाजूला ठेवून शाळाशाळांतली हजारो मुले एका मैदानावर आणली आणि त्यांना एका सुरात, एका तालात गायला लावले. 1975 साली ते गेले. हजारो मुले एकत्र गातात ती काही एका दिवसाच्या तालमीने नव्हे. प्रत्येक शाळेत आधी कोणीतरी शिकवलेले असावे लागते, तेव्हा ते मैदान उभे राहते.

आता विरोधाच्या गोष्टींकडे येते. ही बोलणी मला शेजारणींनीच ऐकवली आहेत, तेव्हा रागावू नका.

पहिले म्हणणे सर्वांत भारी आहे. "अहो, या गावात प्यायला पाणी नाही आणि तुम्ही गाणे काय घेऊन बसलात?" वागदर्डीच्या धरणाकडे डोळे लावून आपण किती उन्हाळे काढले ते मला कोणी सांगायला नको. पाऊस ओढ देतो त्या वर्षी नळाला पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी आलेले या सभेतल्या प्रत्येकीने पाहिले आहे. हंडे, पिंप, टाक्या यांतच आपले निम्मे आयुष्य गेले. पण मला एवढेच विचारायचे आहे: गाण्याचा तास बंद केला त्या दिवसापासून नळाला एक हंडा तरी जास्त आला का? पाण्याचा पैसा वेगळ्या खात्यातून येतो, गायनाच्या बाईंचे मानधन वेगळ्या. गरिबाला म्हणायचे, आधी तुझे पोट भरू दे, मग बाकीचे. आणि पोट तर कधीच भरायचे नाही. मग बाकीचे कधी? श्रीमंताच्या मुलाला असे कोणी थांबायला सांगत नाही.

आणि हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत असे म्हणाल तर एक गोष्ट ऐका. माझी थोरली मुलगी नाशिकला शिकते, तिने मला हे वाचून दाखवले. युरोपात हंगेरी नावाचा लहानसा देश आहे. दुसऱ्या महायुद्धात तो पार होरपळून निघाला. त्या देशात झोल्तान कोडाय नावाचे संगीतकार होते. त्यांचे म्हणणे असे की, वाद्य विकत घ्यावे लागते, गळा प्रत्येक मुलाबरोबर जन्माला येतो, तेव्हा शाळेने गळ्यापासून सुरुवात करावी. युद्ध संपून पुरती पाच वर्षे झाली होती, तेव्हा, 1950 साली, त्यांच्या जन्मगावी, केच्केमेतला, रोज गाणे शिकवणारी प्राथमिक शाळा निघाली. पुढे तशा शाळा त्या देशात पुष्कळ झाल्या आणि बाहेरच्या देशांतले शिक्षक त्या पाहायला जाऊ लागले. घरे पडलेल्या लोकांनी हे केले. आपली घरे तर उभी आहेत.

दुसरे म्हणणे मार्कांचे. गाण्याने मुलगा दहावीला मागे पडेल. आठवड्याच्या दोन तासांनी जो मागे पडेल तो ते दोन तास गणिताला देऊन पुढे जाईल, यावर माझा विश्वास नाही. शिवाय गंमत पाहा. मुलांच्या प्रगतिपत्रकावर 'कला' हा विषय छापलेला असतो, त्यात गायन-वादन येते, आणि त्यापुढे श्रेणीही भरलेली असते. जो विषय शिकवला नाही त्याची श्रेणी आमच्या मुलांना कशावरून मिळते? हा प्रश्न मी पालकसभेत विचारला तेव्हा सगळे हसले. मी हसण्यासाठी विचारला नव्हता.

मार्कांचेच बोलायचे तर गायन-वादनाच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळतात. चांगली सोय आहे. पण त्या परीक्षा कोणाची मुले देतात? ज्यांना खासगी क्लासची फी परवडते त्यांची. शाळेतला तास बंद म्हणजे गाणेही गेले आणि त्या गुणांची वाटही गेली, ती नेमकी हमालाच्या, भाजीवालीच्या मुलांची. "ज्याला हौस आहे तो क्लास लावील" हे बोलणे मला म्हणूनच आवडत नाही. हौस सगळ्यांच्या घरी असते.

तिसरे म्हणणे, "आता सगळे मोबाईलवर मिळते." मिळते ना. 19 फेब्रुवारी 2023 पासून आपल्या महाराष्ट्राला राज्यगीत मिळाले. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल, शाहीर साबळे यांचा खडा आवाज. शाळेत ते परिपाठाला म्हणायचे, असे सरकारने ठरवले. फार योग्य झाले. पण शिकवायला कोणी नाही. म्हणून स्पीकरला मोबाईल जोडतात, शाहिरांचा आवाज मैदानभर घुमतो, आणि मुले नुसते ओठ हलवतात. मागच्या रांगेतली तेही करीत नाहीत. शाहिरांचे गाणे ऐकायला मलाही आवडते, पण ते मुलांच्या तोंडी यावे म्हणून ठरवले होते ना? गाणे सक्तीचे आणि गाणे शिकवणारी बाई मात्र अनावश्यक, हा हिशेब माझ्या सातवीच्या डोक्यात बसत नाही.

चौथी सूचना आपल्याच मंडळातून आली आहे आणि ती प्रेमाने आली आहे, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर बोलते. आपल्या भजनी मंडळातल्या बायका म्हणाल्या, "आम्ही जाऊ पाळीपाळीने. फुकट शिकवू. शाळेकडे कशाला तोंड वेंगाडायचे?" त्यांच्या मनाचा मोठेपणा मला ठाऊक आहे. तरी मी म्हणते, याला घाईने हो म्हणू नका. एक तर फुकट माणूस मिळते आहे असे दिसले की ते पद पुन्हा कधी भरले जात नाही. बायकांचे काम तर सगळ्यांना फुकटच हवे असते, घरातही आणि बाहेरही. त्या गायनाच्या बाईंच्या घरी त्या मानधनावर गॅसचे सिलिंडर येत होते. आपण फुकट उभ्या राहिलो तर त्यांची भाकरी आपणच कायमची काढून घेऊ. दुसरे असे की शाळेत सगळ्या जातिधर्मांची मुले आहेत. हिंदू आहेत, बौद्ध आहेत, मुसलमान, ख्रिस्ती, शीख आहेत. आपल्याला येतात ते अभंग आणि आरत्या. त्या गोड आहेत, पण प्रत्येक मुलाला घरी जाऊन मोकळेपणाने म्हणता येईल असे गाणे निवडणे, मुलांचा गळा ताणणार नाही अशा पट्टीत ते बसवणे, हे शिकलेल्या माणसाचे काम आहे. तेव्हा दिवाळीपर्यंत खंड पडू नये म्हणून आपण जरूर जाऊ, पण शाळेला लेखी देऊन, की ही तात्पुरती सोय आहे आणि बाई परत आल्या की आम्ही थांबू.

आता कायद्याचे थोडे. आमच्या सुनबाई झेरॉक्सच्या दुकानात काम करतात, त्यांनी मला कागद काढून दिले, आणि मी ते तीन दुपारी बसून वाचले. 2009 सालचा शिक्षणहक्काचा कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात लिहिले आहे की, सहावी ते आठवीला मिळून शंभराहून जास्त मुले असतील तर त्या शाळेला कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत. आपल्या शाळेत या तीन वर्गांची मुले शंभरावर आहेत. हजेरीपट पाहूनच सांगते आहे. म्हणजे आपण मागतो ती मेहेरबानी नव्हे. 2020 सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कला ही अभ्यासाबाहेरची गोष्ट मानू नये असेच म्हटले आहे.

मग अडते कुठे? अडते ते संचमान्यतेत आणि पैशात. मुलांच्या डोक्यांवरून शिक्षकांची पदे मोजतात. मोजणीत पहिली कात्री लागते ती चित्रकलेला, गाण्याला आणि खेळाला. 2015 साली सरकारने अशा विषयांसाठी अतिथी निदेशकांची योजना काढली आणि तासिकेला मानधन ठरवले 50 रुपये. आपल्या बाई दोन दिवसांत मिळून आठ तासिका घेत. म्हणजे आठवड्याचे 400 आणि महिन्याचे सोळाशे रुपये. एवढ्यावर पेटी वाजवणारे माणूस कुठून मिळायचे? आणि दुसऱ्या बाजूने पाहा, एवढ्यासुद्धा पैशासाठी साठ-साठ मुलांच्या चार वर्गांचे गाणे बंद पडावे? गणपतीत एका रात्रीच्या डीजेला आपल्याच गल्लीतून याच्या कितीतरी पट वर्गणी निघते. मी मंडळाच्या पोरांनाही हे बोलून दाखवले आहे. दोन जण विचार करतो म्हणाले, बाकीचे पळाले.

याच कायद्यात आपल्या कामाची आणखी एक गोष्ट आहे. शाळा व्यवस्थापन समितीत चारांतले तीन सभासद पालक असले पाहिजेत, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. सरकारी, पालिकेच्या, अनुदानित, सगळ्या शाळांना हे लागू आहे. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते, आणि आलेले अनुदान कसे खर्च झाले यावर लक्ष ठेवते. पुष्कळ ठिकाणी असे चालते की सभेचे रजिस्टर घरी येते, बाई कणकेचे हात पुसून सही करतात आणि रजिस्टर परत जाते. आपल्या मंडळातल्या चौघी जणी त्या समितीवर आहेत. त्यांनी या वेळी खुर्चीवर जाऊन बसावे, आणि गाण्याच्या तासाचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर लेखी घ्यायला लावावा. तोंडी बोललेले इतिवृत्तात येत नाही, हे मी पालकसभेत पाहिले. इतिवृत्तात आले की वरच्या कचेरीला उत्तर द्यावे लागते.

माझ्या मते तीन गोष्टी मागाव्यात, जास्त नकोत. निदेशकाची जागा का भरली नाही याचा लेखी खुलासा. ती भरेपर्यंत पूर्वीच्याच बाईंना मानधनावर बोलावण्याचा ठराव, आणि त्यात कमी पडेल ती रक्कम आपल्या मंडळाच्या शिलकेतून एका वर्षापुरती. आणि शिष्यवृत्तीच्या सरावाला गाण्याचा तास न देता शाळा सुटल्यानंतरची वेळ देणे. मधल्या गोष्टीवर आपल्या कार्यकारिणीत दोन मते आहेत. खजिनदारबाईंचे म्हणणे, मंडळाची शिल्लक शिलाईयंत्रांसाठी ठेवलेली आहे. त्यांचे म्हणणे खोटे नाही. मी एवढेच म्हणेन की एक यंत्र पुढच्या वर्षी घेतले तर ते तसेच मिळेल. सातवीतली मुले पुढच्या वर्षी सातवीत नसतील.

आमचे हे रेल्वेच्या कारखान्यात आहेत. गेल्या आठवड्यात रात्री जेवताना मी त्यांना हे भाषण वाचून दाखवले. ते म्हणाले, "जुने गँगवाले रूळ उचलताना एकजण हाक द्यायचा आणि बाकीचे मिळून साथ धरायचे. हाक चुकली की कोणाचा तरी पाय चेंगरायचा. आता यंत्र आले." इतके बोलून ते आमटी मागू लागले. मला त्यांचे बोलणे इथे सांगावेसे वाटले.

तर समितीची सभा या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी तीन वाजता शाळेत आहे. अर्ज तयार आहे, चिटणीसबाईंकडे ठेवला आहे. सही करताना आपले पूर्ण नाव आणि मुलाचा वर्ग लिहावा. ज्यांची मुले आता शाळेत नाहीत त्यांनी नातवंडांचा लिहावा, आणि नातवंडेही नसतील तर नुसती सही चालेल. त्या शनिवारी पाण्याची पाळी असली तर एकीने दोघी-तिघींचे हंडे भरून घ्यावेत आणि बाकीच्यांनी यावे. भजनी मंडळातल्या ज्या दोघी दिवाळीपर्यंत शाळेत जायला तयार आहेत त्यांनी आज मला भेटावे. पेटीची किल्ली कारकुनाकडे असते. भाता उंदरांनी कुरतडला आहे की कसे, ते सोमवारी सकाळी जाऊन पाहायचे आहे. माझ्याबरोबर कोण येते?